पासवर्ड साऱ्या गावाला पाठ झाला, आता काय?

पत्र असं आहे:

"नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. दिवाळीत केबलवाल्याकडून फायबरचं कनेक्शन घेतलं, यांच्या नावावर. त्यानं राउटर ओसरीत टीव्हीच्या मागे लावून दिला आणि पासवर्ड म्हणून यांचाच मोबाइल नंबर टाकला, लक्षात राहते म्हणून. आता तो साऱ्या गावाला पाठ. संध्याकाळी आळीतले पोट्टे आमच्या ओट्यावर बसून मोबाइल पाहतात. त्यात पुतणे, चुलतपुतणे, कोणाला नाही म्हणावं? इकडे मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली आहे. तिच्या मागच्या खोलीत नेट पोचत नाही, जावयांचा व्हिडिओ कॉल अर्ध्यात अडकतो. मुलगा वरच्या टिनाच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्याला दुपारी नेट मिळत नाही. सासूबाई रात्री राउटरचं बटण बंद करतात. लहरी बाळाला चांगल्या नाहीत, बिलही येते म्हणतात. गेल्या पावसाळ्यात विजेनं सेट टॉप बॉक्स गेला, ती भीती वेगळीच. आणि यांच्या फोनमध्ये पीक कर्जाचं बँक खातं आहे. पासवर्ड बदलावा का? बदलला तर लोक काय म्हणतील?"
— एक ताई, जि. यवतमाळ

ताई, शेवटचे दोन प्रश्न पहिले घेतो. पासवर्ड बदला, आणि आजच बदला. लोकांचं काय, त्याचीही सोय बहुधा त्या डब्यातच आहे. लावून देणाऱ्यानं ती दाखवली नाही, एवढंच.

आपल्याकडे आल्यागेल्याला ओसरीत बसवतात. पाणी होतं, चहा होतो. माजघरात कोणी शिरत नाही, आणि शिरू दिलं नाही म्हणून कोणी रुसतही नाही. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असते, ती म्हणजे ही ओसरी. एकाच डब्यातून दोन नावांची वायफाय निघतात. एक घरच्यांसाठी, त्याचा पासवर्ड उंबऱ्याबाहेर जात नाही. दुसरं पुतण्यांसाठी, आळीतल्या पोरांसाठी, कार्याला आलेल्या पाहुण्यांसाठी. त्यावर बसलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातले फोन, टीव्ही, कॅमेरा यांच्यापर्यंत त्याला पोचता येत नाही. बऱ्याच राउटरांत या दुसऱ्या वायफायचा वेग बांधून देता येतो आणि वेळही लावता येते. संध्याकाळी सहाला सुरू, नऊला आपोआप बंद. ओट्यावरून पोरांना उठवायचं वाईट काम मग राउटरच करतो. चुलतपुतण्याला "नाही" म्हणायची पाळीच येत नाही. "पासवर्ड बदलला रे, हा घे नवा" म्हटलं की झालं.

पोरांना तोडूच नका असं मी मुद्दाम म्हणतोय. ओट्यावर बसणारे सगळेच रील पाहत नसतात. एखादा पोलीस भरतीचा फॉर्म भरत असतो, एखादी पोरगी बारावीचा निकाल पाहायला आईसोबत येते. ज्या गावात मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीजवळ गेल्याशिवाय मिळत नाही, तिथे एका घरचं नेट चार घरांच्या कामी पडलं तर पडू द्यावं. फक्त ते कोणाला, किती आणि केव्हा, हे तुम्ही ठरवायचं. आज ते गाव ठरवतंय.

आता करायचं कसं ते सांगतो. मुलाला शेजारी बसवा, पण बटणं तुम्ही स्वतः दाबा. घरात एकालाच येत असलं की तो शिकायला बाहेरगावी गेला की सगळं अडतं. राउटर उलटा केला की तळाला एक स्टिकर दिसेल. त्यावर आकड्यांचा एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. फोन घरच्या वायफायला जोडलेला ठेवून ब्राउझरच्या वरच्या पट्टीत हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. राउटरचं पान उघडेल आणि लॉगिन मागेल. ते नाव आणि पासवर्डही त्याच स्टिकरवर असतात, आणि बऱ्याचदा दोन्ही जागी 'ॲडमिन' हाच शब्द असतो.

इथे जरा थांबा. तुमच्या पत्रात या पासवर्डाचा उल्लेखच नाही, कारण तो आहे हेच तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. वायफायचा पासवर्ड माहीत असलेला माणूस तुमचं नेट वापरतो. पण ॲडमिनचा पासवर्ड माहीत असलेला माणूस राउटरचा मालक होतो: वायफायचा पासवर्ड तो बदलू शकतो, तुम्हालाच बाहेर काढू शकतो, कोणते फोन जोडलेले आहेत ते पाहू शकतो. याहून वाईट म्हणजे डीएनएस नावाची एक सेटिंग असते. तुम्ही बँकेच्या साइटचं नाव टाकलं की ती साइट कुठे आहे हे त्यावरून कळतं. ती कोणी बदलून ठेवली तर नाव बरोबर टाकूनही फोन भलत्याच साइटवर जाऊ शकतो. ओट्यावरच्या एखाद्या हुशार पोट्ट्यानं गंमत म्हणून १९२.१६८.१.१ टाकून पाहिलं आणि 'ॲडमिन' लिहिलं, तर तो आत आहे. सन २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यात फार मोठं डोकं नव्हतं. कारखान्यातून जशीच्या तशी येणारी साठेक लॉगिनं आणि पासवर्ड त्याच्या यादीत होते, तो ते एकेक लावून पाहत होता.

म्हणून लॉगिन झाल्यावर सगळ्यात आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला, वायफायचा त्यानंतर. फायबरच्या काही डब्यांत मुख्य लॉगिन ऑपरेटर स्वतःकडे ठेवतो आणि ग्राहकाला थोडक्या सेटिंग देतो. तसं असेल तर त्याला फोन करा आणि स्पष्ट विचारा, "भाऊ, ॲडमिनचा पासवर्ड कारखान्याचाच आहे का? तो बदलून द्या, आणि गेस्ट नेटवर्क चालू करून द्या." पैसे तुम्ही भरता, संकोच करू नका. डब्यात गेस्टची सोय नसेल तर दोन प्रकारच्या लहरी सोडणाऱ्या साध्या ड्युअल बँड राउटरमध्ये ती बहुधा असते.

वायफायचा नवा पासवर्ड काय ठेवायचा? मोबाइल नंबर कुठलाच नको, जावयांचाही नको. गावाला पाठ असतो हे एक कारण झालं. दुसरं असं की आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात आणि दहाच आकड्यांचे असतात. म्हणजे शक्य नंबर फार तर ४०० कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, पण तुमच्या वायफायचे संदेश हवेतून टिपून घेऊन चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या कॉम्प्युटरवर एकेक नंबर लावून पाहिला तर ते काही तासांचं काम आहे. जन्मतारीख, गाडीचा नंबर, कुलदैवताचं नाव आणि पुढे १२३, यांचीही तीच गत. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. बंडी, कंदील, मंगळवार, पेरू. रोमन अक्षरांत लागोपाठ लिहिले की वीसच्या वर अक्षरं होतात, सासूबाईंच्याही लक्षात राहतात, आणि अंदाजानं कोणाला सापडत नाहीत. (हेच चार नका ठेवू, ते आता छापून आले.) गेस्टचा पासवर्ड सोपा ठेवला तरी चालेल, पण तो दर एक-दोन महिन्यांनी बदला. आताच्या फोनमध्ये वायफायचा क्यूआर कोड निघतो. एकाला दिला की दहा जणांकडे जातो, त्याला इलाज नाही. घरच्या वायफायचा क्यूआर मात्र मुलानं मित्रांना दाखवू नये, एवढं त्याला बजावून ठेवा.

त्याच पानावर 'सिक्युरिटी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे वायफायला कुलूप कोणत्या प्रकारचं आहे ते. तिथे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावं. डब्ल्यूपीए३ हे २०१८ साली आलं, जुन्या फोनांना ते पेलत नाही, म्हणून दोन्ही मिळून असलेला पर्याय दिसला तर तो निवडा. डब्ल्यूईपी दिसलं तर लगेच बदला. ते २००१ सालीच फुटलं होतं. 'डब्ल्यूपीएस' नावाची सोय असते, बटण दाबून फोन जोडायची. ती बंद करा, तिच्या आठ आकडी पिनमधून आत शिरता येतं हे २०११ पासून माहीत आहे. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंग बदलायची सोय, तुम्ही चालू केलेलं नसेल तर बंदच असावं. 'फर्मवेअर अपडेट', म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती, दिसलं तर लाईन जाण्याची भीती नसताना करून घ्या. वायफायचं नाव लपवून ठेवा, ठरावीक फोनांनाच परवानगी द्या, असे सल्ले कोणी देईल, त्यात वेळ घालवू नका. लपवलेलं नाव साध्या ॲपनं सापडतं, आणि राउटर फोनला ज्या पत्त्यावरून ओळखतो तो अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळाच सांगतात, त्यामुळे परवानगीच्या याद्यांचा गोंधळच जास्त होतो. नावावरून आठवलं, वायफायला घराचं आडनाव देऊ नका. 'गेस्ट'च्या नावात काय गंमत करायची ती मुलाला करू द्या.

"एवढं कशाला, आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे" असं घरचे म्हणतील. त्यांना एक घडलेली गोष्ट सांगा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तर तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या वायफायवरून गेलेला निघाला. त्याच्या वायफायचा दुसऱ्याच कोणी वापर केला होता, पण चौकशीला त्याला बसावं लागलं आणि त्याचा कॉम्प्युटर जप्त झाला. इंटरनेटवर काही घडलं की माग कनेक्शनपर्यंत येतो, आणि कनेक्शन तुमच्या यजमानांच्या नावावर, त्यांच्या आधार कार्डावर आहे. तुमच्या ओट्यावरची पोरं तसलं काही करतील असं मी म्हणत नाही. पण कोणी खोट्या नावानं कोणा मुलीला घाणेरडे मेसेज पाठवले, तर पोलीस पहिल्यांदा कोणाच्या दारात येतील ते तुम्हीच पाहा. गेस्ट नेटवर्कनंही हा धोका पूर्ण जात नाही, कारण बाहेरून दोन्ही वायफाय एकच दिसतात. पासवर्ड ओळखीच्यांपुरता ठेवायचा आणि बदलत राहायचा, तो याच्यासाठी.

बँक खात्याची काळजी तुम्ही जिथे करताय तिथे ती कमी आहे. बँकेचं ॲप किंवा यूपीआय तुमचा पिन कुलूपबंद करूनच पाठवतं. तुमच्याच वायफायवर बसलेल्या पोराला तो वाचता येत नाही. ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडताना "ही साइट सुरक्षित नाही" असा इशारा आला तर मात्र तिथूनच मागे फिरा, पुढे जाऊ नका. पैसे जातात ते दुसऱ्याच वाटेनं. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान'च्या नावानं एक फाईल येते, शेवटी 'एपीके' लिहिलेलं. नाही तर गाडीच्या चलानच्या नावानं येते. ती फोनमध्ये टाकली की येणारे ओटीपी भलत्याकडे जायला लागतात. राउटर कितीही चांगला असो, ही वाट तो अडवू शकत नाही. हप्ता जमा व्हायच्या दिवसांत यजमानांना हे पुन्हा पुन्हा सांगा. आणि कधी पैसे गेलेच तर शेजारीपाजारी विचारत बसू नका, सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी मदत क्रमांकाला, १९३० ला, लगेच फोन करा. जितका लवकर कराल तितके पैसे मधेच अडवले जाण्याची आशा जास्त.

आता मागची खोली. तुमचं घर जुनं, धाब्याचं असेल असं धरून चालतो; मागच्या खोलीच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, मातीच्या. वायफायला टिन चालत नाही आणि जाड माती चालत नाही. टिनावरून लहरी परततात, ओल धरलेली माती त्यांना पिऊन टाकते. त्यात राउटर टीव्हीच्या मागे, म्हणजे टीव्हीच्या आतला पत्रा पहिली आडकाठी. आणि कूलर! ओसरीच्या खिडकीत कूलर असेलच. पत्र्याची पेटी, आत पाण्याची टाकी आणि फिरणारा पंखा: लहरींच्या वाटेत याहून वाईट वस्तू घरात दुसरी नाही. शिवाय त्याचा दमट वारा राउटरवर आला तर आतले भाग गंजतात.

पहिलं काम फुकटातलं आहे. राउटर टीव्हीमागून काढा आणि घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या वर, उघड्या फळीवर ठेवा. देवळीत ठेवू नका, तिन्ही बाजूंनी भिंत येते. लोखंडी कपाटावर नको, धान्याच्या कोठीवर नको. अँटेना उभ्या ठेवा. फायबरची तार वाढवायची असेल तर ऑपरेटरला बोलवा, स्वतः ओढू नका. ती आतून काचेची असते, करकचून वाकवली की तुटते आणि डब्यावर लाल दिवा लागतो. तुटलेल्या टोकाला डोळा लावून पाहू नका, आतला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

दुसरं, राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दम सोडते. २.४ हळू, पण लांब जाते. मुलीच्या खोलीत फोन २.४ वर जोडून पाहा, व्हिडिओ कॉलला तेवढा वेग पुरतो. पुरला नाही तर राउटरपासून लॅनची, म्हणजे नेट वाहून नेणारी तांब्याची तार घरातून, भिंतीच्या कडेकडेनं मागच्या खोलीपर्यंत न्या, तिला दुसरा साधा राउटर जोडा आणि तो 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून, म्हणजे तारेतून आलेलं नेट नुसतं वायफायनं पसरवायला, लावा. लॅनची तार १०० मीटरपर्यंत बिनबोभाट चालते. दुकानदार रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, देऊ पाहील, स्वस्त पडतं म्हणून. साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण अर्धा होतो. आणि जिथे मुळात सिग्नल पोचत नाही तिथे तो ठेवला तर काय पुढे पाठवणार? तो मधे, सिग्नल चांगला असलेल्या जागी ठेवावा लागतो, हे दुकानदार सांगत नाहीत. माझं मत विचाराल तर तार ओढा, एकदाचं मिटतं.

मुलाचा दुपारचा प्रश्न मला तरी उन्हाचा वाटतो. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंत चालावा अशा हिशेबानं बनवलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो, टिनाखाली त्याहून जास्त. डबा तापला की नेट रांगतं, कधी डबा आपोआप बंद होऊन चालू होतो. हात लावून पाहा: चटका बसत असेल आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर नेट नीट चालत असेल, तर रोग सापडला. राउटरवर रुमाल, प्लास्टिकची फुलं, विणलेलं कव्हर काही टाकू नका. टिनाच्या खोलीत राउटर नेऊच नका. धाब्याखालच्या थंड खोलीत ठेवा आणि मुलाला दुपारी खाली अभ्यासाला बसवा. टिनाखाली बसून त्याचंही डोकं तापत असेलच.

लाईनचं सांगतो. राउटरच्या ॲडॅप्टरवर बहुधा १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला की लाईन गेल्यावरही डबा काही तास चालतो. घेताना व्होल्ट तोच आणि अँपिअर तेवढाच किंवा जास्त, एवढं पाहा. गावात एकाचा ॲडॅप्टर दुसऱ्याला लावायची खोड असते, पिन बसली की झालं म्हणून. सेट टॉप बॉक्सचा राउटरला लावू नका, पिन बसली तरी व्होल्ट वेगळा असू शकतो. यूपीएस घेण्याआधी ऑपरेटरला विचारा की लाईन गेल्यावर गावातली त्याची मशीन चालू राहते का. त्याच्याकडे बॅटरी नसेल तर तुमचा यूपीएस नुसताच हिरवा दिवा दाखवत बसेल. आणि तारेवर वानरं उड्या मारत असतील तर तार उंच, ताणून बांधायला सांगा, नाही तर दर महिन्याला तो आणि तुम्ही दोघंही हैराण.

आकाशातल्या विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही. ती येते विजेच्या बोर्डातून, सेट टॉप बॉक्सच्या छत्रीच्या तारेतून आणि घराबाहेरून ओढलेल्या लॅनच्या तांब्याच्या तारेतून. म्हणून मागच्या खोलीची तार घरातून न्या म्हटलं. धाब्यावरून, सांदवाडीतून लोंबकळत नेऊ नका. गोठ्यात कॅमेरा लावायचा विचार कधी झालाच तर तिथेही बाहेरून लॅनची तार ओढू नका. कॅमेरा वायफायचा घ्या आणि त्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. काही फायबरच्या तारेत मजबुतीसाठी लोखंडी तार असते, ती राउटरपर्यंत न आणता बाहेरच कापायला ऑपरेटरला सांगा. ढग गरजायला लागले की ॲडॅप्टर सॉकेटमधून उपटून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज डोक्यावर आली असेल तर मात्र प्लगला हात लावायला जाऊ नका, राउटर गेला तर जाऊ द्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना आधी देतं. ते यजमानांच्या फोनमध्ये असू द्या. वावरात असताना त्याचा उपयोग राउटर वाचवण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. घराचं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत जा.

राहिल्या सासूबाई. बाळाची काळजी त्यांना आहे, त्यात त्यांचं चुकलं कुठे? त्यांना असं सांगा: वायफायच्या लहरी रेडिओच्या जातीच्या असतात, एक्स-रेच्या नव्हेत. घरच्या राउटरची ताकद साधारण वॅटचा दहावा भाग, आणि दोन हात लांब गेलं की ती आणखी विरळ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोग करू शकतील' या गटात टाकलं, कारण पुरावा थोडा होता पण नाकारण्यासारखाही नव्हता. वायफायसारख्या क्षीण लहरींनी अपाय होतो असा खात्रीचा पुरावा नाही, असं संघटनेचं म्हणणं आहे. मुलीच्या उशाशी राउटर नकोच, पण तो तारा आणि दिव्यांच्या लुकलुकीसाठी. तिनं फोन पोटावर ठेवून झोपू नये, हे सासूबाईंनी सांगितलं तर ती लवकर ऐकेल. बिलाचं म्हणाल तर दहा वॅटचा डबा दिवसरात्र चालला तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास जातात. तरीही रात्री बंद ठेवायचंच असेल तर ठेवा, डब्याला काही होत नाही. फक्त ती वेळ राउटरमध्येच लावून द्या, म्हणजे सासूबाईंना अंधारात बटण शोधत उठावं लागणार नाही, आणि मुलाची उशिरापर्यंतची व्हिडिओ लेक्चर असतील तर त्यांच्याशी बोलून वेळ ठरवता येईल.

डब्याच्या मागे सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, त्यात रिसेटचं बटण असतं. पासवर्ड विसरलात म्हणून कोणी ते दाबायला लागलं तर अडवा. फायबरच्या डब्यात ऑपरेटरच्या सेटिंगही त्यानं पुसल्या जातात आणि तो येईपर्यंत नेट बंद राहतं. तिन्ही पासवर्ड, म्हणजे ॲडमिनचा, घरचा आणि गेस्टचा, एका कागदावर लिहा आणि रेशनकार्ड, सातबारा ठेवता त्या पिशवीत टाकून द्या. गेस्टचा बदलला की जुना खोडून तिथेच नवा लिहायचा.